पेन्सिलचित्रातला भाव चेहऱ्याआधी रेषेत शोधावा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या युरोपीय पेन्सिल व्यक्तिचित्रांवर पानभर मजकूर आला. तैलचित्रांच्या गर्दीत शिसपेन्सिलीच्या कामाला एवढी जागा मिळाली, याबद्दल मनापासून आभार. मजकूर वाचून झाल्यावर मात्र एक रुखरुख राहिली, म्हणून हे पत्र. प्रत्येक चित्राखाली भावाचा एकेक शब्द दिला आहे. कुठे ‘उदास’, कुठे ‘व्याकूळ’, कुठे ‘स्वप्नाळू’. तो शब्द कागदावरच्या कोणत्या खुणेवरून सुचला, हे एकदाही सांगितलेले नाही. पेन्सिल किती कडक होती, टोक किती बारीक होते, दाब कुठे पडला आणि कागद कुठे कोरा राहिला, यांतून व्यक्तिचित्राचा भाव घडतो. रोमँटिक काळ, म्हणजे कलेत भावनेला आणि कल्पनेला महत्त्व देणारा तो काळ, म्हटला की उदासी असणारच, असे आधीच ठरवून पाहायला बसले तर चित्र पाहायचेच राहून जाते.

विस्कटलेल्या केसांचेच घ्या. लेखात तरुणांच्या विस्कटलेल्या केसांना ‘अंतरीच्या वादळाची खूण’ म्हटले आहे. पण १७९०च्या दशकात फ्रान्समध्ये ‘तितुस’ नावाची केशरचना आली. आखूड कापलेले, कपाळावर पुढे ओढलेले आणि मुद्दाम विस्कटलेले केस ही तिची ओळख. ती पुढे युरोपभर पसरली आणि बरीच वर्षे टिकली. म्हणजे वादळ न्हाव्याच्या कात्रीतले होते. वर उचललेल्या हनुवटीचेही तसेच. गळ्याभोवती दोन-तीन वेढे घालून बांधलेला क्रॅव्हट, म्हणजे गळपट्टा, आणि त्यावर उभी कॉलर असली की मान आपोआप ताठ होते आणि माणूस गर्विष्ठ दिसू लागतो. हातावर टेकवलेले डोके ही तर त्याहून जुनी खूण आहे. जर्मन चित्रकार ड्यूररच्या १५१४ मधल्या ‘मेलेन्कोलिया’ या चित्रापासून विषण्णतेची ती ठरलेली बैठक होती आणि चित्रासाठी बसणाऱ्यालाही ती ठाऊक असायची. स्विस लेखक लाव्हाटर यांचे चेहऱ्यावरून स्वभाव ओळखण्याचे चार खंड १७७५ ते १७७८ या काळात निघाले. कपाळाची आणि नाकाची कड ठळक हवी, ही अपेक्षा त्यातूनही आली. फॅशन, बैठक आणि काळाची समजूत एवढे बाजूला काढून ठेवावे. मग चित्रकाराने स्वतः काय केले, ते दिसू लागते.

त्यासाठी आधी साधन समजून घेतले पाहिजे. शिसपेन्सिलीत शिसे नसते, ग्रॅफाइट असते, म्हणजे कार्बन. हे रसायनशास्त्रज्ञ शेले यांनी १७७९ मध्ये दाखवले आणि ‘ग्रॅफाइट’ हे नाव खनिजशास्त्रज्ञ व्हेर्नर यांनी १७८९ मध्ये दिले. त्याआधी उत्तम पेन्सिल म्हणजे इंग्लंडच्या बॉरोडेल खाणीतला शुद्ध तुकडा कापून लाकडात बसवलेला. फ्रान्स आणि इंग्लंडचे युद्ध पेटले आणि हा माल फ्रान्समध्ये मिळेनासा झाला. तेव्हा निकोला-जाक कोंते यांनी ग्रॅफाइटची पूड चिकणमातीत मळून, कांड्या करून भट्टीत भाजण्याची रीत काढली. तिचे पेटंट १७९५ चे आहे. माती जास्त तर कांडी कडक आणि रेषा फिकी, माती कमी तर कांडी मऊ आणि रेषा गडद. आज हे शाळकरी मुलालाही माहीत असते, पण त्या पिढीला ही नवी सोय होती. खाणीचा तुकडा जसा निघेल तसा वापरावा लागे, आता कडकपणा निवडता येऊ लागला. एकाच चेहऱ्यात गालाला कडक आणि बुबुळाला मऊ कांडी घेणे हा चित्रकाराचा निर्णय झाला. म्हणूनच तो निर्णय कशासाठी घेतला, असे आज आपण विचारू शकतो.

कागदाचाही वाटा तेवढाच. जुन्या ‘लेड’ (laid) कागदावर साच्यातल्या तारांच्या उभ्या-आडव्या खुणा उमटलेल्या असतात. पेन्सिल त्यांवरून जाताना अडखळते आणि शेडिंगमध्ये पट्टे दिसतात. अठराव्या शतकाच्या मध्याला इंग्लंडमध्ये व्हॉटमन यांनी विणलेल्या तारेच्या जाळीवर ‘वोव्ह’ कागद काढला. तो सपाट आणि एकसारखा. त्यावर केसाएवढी रेषाही न तुटता जाते. रोमँटिक काळातल्या कित्येक पेन्सिलचित्रांत जी शांतता जाणवते, तिचा निम्मा वाटा या कागदाचा आहे. खडबडीत कागदावर तीच रेषा काढली की तोच चेहरा अस्वस्थ वाटू लागतो.

आता फ्रेंच चित्रकार आंग्र यांच्याकडे वळतो, कारण लेखातला सर्वांत मोठा घोटाळा तिथे आहे. त्यांना इतिहासाची पुस्तके अभिजाततावादी, म्हणजे ग्रीक-रोमन आदर्श मानणारे, म्हणतात आणि रोमँटिक चित्रकार देलाक्र्वा यांच्या विरुद्ध बाजूला उभे करतात. तरीही रोमँटिक काळातले सर्वांत बोलके पेन्सिल चेहरे त्यांचेच आहेत. १८०६ ते १८२० ते रोममध्ये होते. नेपोलियनची सत्ता कोसळल्यावर तिथले फ्रेंच ग्राहक गेले आणि इंग्रज प्रवासी येऊ लागले. पोटासाठी आंग्र त्यांची पेन्सिल व्यक्तिचित्रे करत. त्यांची अशी सुमारे साडेचारशे व्यक्तिचित्रे आज ज्ञात आहेत. बैठक सकाळी दीड तास आणि दुपारी अडीच तास, आणि मधल्या वेळचे जेवण समोरच्या माणसाबरोबर. बसलेला माणूस बेसावध कसा दिसतो, हे त्या जेवणात टिपता येई. त्यांचा कागदही खास असे. पुठ्ठ्यावर कागदांचे थर ठेवून त्यावर वरचा कागद ताणून बसवलेला असायचा. त्यामुळे पृष्ठभागाला किंचित लवचिकपणा येई, दाब दिला तरी टोक कागदात रुतत नसे आणि रेषा जाड-बारीक होत सहज वळे.

पुरवणीत छापलेले इटालियन व्हायोलिनवादक पागानिनीचे आंग्र यांनी काढलेले चित्र १८१९ चे, लूव्रमधले. मूळ कागद उंचीला जेमतेम तीस सेंटिमीटर आहे. लेखात त्याला ‘झपाटलेला’ म्हटले आहे. हा शब्द पागानिनीच्या दंतकथेतून आला आहे, कागदावर तो कुठेच दिसत नाही. हातात व्हायोलिन आणि गज धरून तो उभा आहे. कोटाची बाह्यरेषा भरधाव, उघडी, काही ठिकाणी नुसतीच सुचवलेली. चेहऱ्यावर आल्याबरोबर हात संथ होतो. गालावर आणि हनुवटीखाली इतक्या बारीक छटा आहेत की त्या रेषांनी झाल्या आहेत हे लांबून कळत नाही. कपडा वेगात आणि चेहरा सावकाश, या फरकामुळे नजर डोळ्यांवर जाऊन थांबते. चेहऱ्याच्या एका बाजूला अर्धा काळोख टाकून नाट्य उभे करण्याचा मोह आंग्र यांनी टाळला आहे. प्रकाश सौम्य, सावली अरुंद. त्यामुळे माणूस सावध, सभ्य आणि कामावर पकड असलेला दिसतो. आंग्र स्वतः व्हायोलिन वाजवत. समोर उभा आहे तो वादक, एवढेच त्यांनी पाहिले.

हेच देलाक्र्वा यांनी १८३१ मध्ये रंगवलेल्या छोट्या तैलचित्राशेजारी ठेवून पाहावे. त्याच वर्षी पागानिनी पॅरिसमध्ये वाजवून गेला होता. त्या चित्रात काळोखातून एक काळी, लवलेली आकृती वर येते, उजळलेले दिसतात ते चेहरा आणि हात. कडा विरलेल्या, बोटे लांबलेली. ‘झपाटलेला’ हा शब्द या चित्राला शोभतो. माणूस एकच, मधे बारा वर्षे. भाव बदलला तो कडा धरण्या-सोडण्यामुळे आणि काळोखाच्या प्रमाणामुळे. लेखात दुसऱ्या चित्राचा शब्द पहिल्याला लागला आहे.

पेन्सिलीने एवढा काळोख करताही येत नाही, हे इथे सांगायला हवे. ग्रॅफाइट म्हणजे कार्बनचे एकावर एक सरकणारे पापुद्रे. दाब वाढवत नेला की एका टप्प्यानंतर ते कागदाच्या तंतूंवर सपाट बसतात आणि चकाकू लागतात. काळे होण्याऐवजी करडेच राहतात. म्हणून पेन्सिलचित्रकाराकडे गडदपणाचा साठा थोडा असतो आणि तो जपून वापरावा लागतो. चांगल्या चित्रात तो चार-पाच जागीच खर्च झालेला दिसेल. वरच्या पापणीची कड, बुबुळ, नाकपुडी, ओठांमधली रेषा आणि कॉलरखालची सावली. या जागांपैकी कोणती सर्वांत गडद आहे, हा भाव वाचताना विचारायचा पहिला प्रश्न. वरची पापणी गडद आणि ओठांची रेषा फिकी असेल तर माणूस बोलायच्या आधी पाहतो आहे असे वाटते. उलट असेल तर तोंड मिटल्याचे जाणवते, आवरलेपणा येतो. अशा चित्रात चेहरा चार-पाच सेंटिमीटरचा आणि डोळा जेमतेम सहा-सात मिलिमीटरचा असतो. तिथे ओठाचा कोपरा अर्धा मिलिमीटर खाली उतरला तरी समाधानाची खंत होते. डोळ्यातला प्रकाशाचा ठिपका पेन्सिलीने काढता येत नाही, तेवढा कागद कोरा सोडावा लागतो. म्हणजे तो सुरुवातीपासून ठरवावा लागतो. ठिपका नसलेला डोळा विचारात हरवल्यासारखा वाटतो, तो नेहमीच दुःखाने तसा झालेला नसतो.

नाझरीन चित्रकारांविषयी लेखात दोनच ओळी आहेत, याचे वाईट वाटले. १८०९ मध्ये व्हिएन्नात काही विद्यार्थ्यांनी सेंट ल्यूकच्या नावाने बंधुसंघ स्थापला, यांनाच पुढे नाझरीन म्हणू लागले, आणि पुढच्या वर्षी त्यांच्यातले काही जण रोमला जाऊन सांत इसिदोरोच्या रिकाम्या मठात राहिले. ड्यूरर आणि राफाएलच्या आधीचे इटालियन चित्रकार हे त्यांचे आदर्श. एकमेकांची पेन्सिल व्यक्तिचित्रे काढणे हा त्यांच्या मैत्रीचा भाग होता. त्यांच्यातल्या ओव्हरबेक आणि कॉर्नेलियस यांनी १८१२ मध्ये एकाच कागदावर एकमेकांचे चेहरे काढले. ही मंडळी कडक पेन्सिल सुईसारखी तासून वापरत. कडक रेषा फिकी असते, पण चुकली तर पुसूनही कागदावर चर राहतो. त्यामुळे रेषा टाकण्याआधी नीट ठरवावे लागते, आणि तो निश्चय पाहणाऱ्याला जाणवतो. सावली जवळजवळ नाही, बाह्यरेषाच सगळे सांगते. छापील प्रतीत ही चित्रे ‘थंड’ वाटतात. समोर उभे राहून पाहिले की त्यांत प्रार्थनेसारखी एकाग्रता आहे. त्याच वर्तुळाजवळ वावरलेला कार्ल फिलिप फोर १८१८ च्या जूनमध्ये टायबर नदीत बुडून वारला, बावीस वर्षांचा असताना. रोममधल्या काफे ग्रेकोत जमणाऱ्या जर्मन कलावंतांच्या समूहचित्रासाठी त्याने काढलेले चेहरे उरले आहेत. त्याचा मृत्यू ठाऊक असल्यामुळे त्या चेहऱ्यांत लोकांना पूर्वसूचना दिसू लागतात. रेषा पाहाव्यात, त्या तरतरीत आहेत. चरित्रातला शोक चित्रात ओतण्याची ही चूक फार सहज होते.

उलट उदाहरण बर्लिनच्या व्हिल्हेल्म हेन्झेल यांचे. त्यांनी हजाराहून जास्त पेन्सिल व्यक्तिचित्रे केली, आणि त्यांतले बहुतेक चेहरे सारखेच गोड दिसतात. मऊ गाल, मोठे डोळे, किंचित उघडे ओठ. इथे भाव बसलेल्या माणसाचा म्हणून वाचू नये, तो चित्रकाराच्या हाताला लागलेले वळण आहे. एका चित्रकाराची निदान दहा चित्रे शेजारी ठेवल्याशिवाय एका चित्रातल्या भावाबद्दल ठामपणे बोलू नये, असे मला वाटते.

चित्राचे वय हाही एक भाग आहे. ग्रॅफाइट उजेडाने उडत नाही. बदलतो तो कागद. तो पिवळा, मग तपकिरी होतो. रेषा तितकीच गडद राहते, मात्र भोवतालचा पांढरेपणा गेल्यामुळे गालावरची चमक विझते आणि माणूस थकलेला दिसतो. जुन्या चौकटीच्या आम्लयुक्त पुठ्ठ्याने कडेला तपकिरी पट्टा उमटतो, दमट हवेत तांबूस ठिपके येतात. गालावर असा एक ठिपका पडला की त्याला सावली समजणारेही पाहिले आहेत. ग्रॅफाइट कागदावर सैलच बसलेले असते, म्हणून दोनशे वर्षांत हाताळताना थोडे घासले जाऊन कोऱ्या जागांवर करडी धूळ पसरते. लेखात एका चित्राच्या ‘धूसर, विरघळत्या वातावरणा’चे कौतुक आहे. चौकटीखाली झाकलेल्या कडेला तीच धूसरता आहे का, हे आधी पाहायला हवे. नसेल तर ती काळाने केली आहे, चित्रकाराने नाही.

आणि आता छपाई. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही, वर्तमानपत्राच्या कागदाची मर्यादा सगळ्यांना सारखीच असते. पण परिणाम मोठा आहे. वृत्तपत्रात हाफटोनची, म्हणजे छटा ठिपक्यांत फोडून छापण्याची, जाळी साधारण इंचाला ८५ ते १०० ओळींची असते, म्हणजे दोन ठिपक्यांत पाव मिलिमीटर किंवा थोडे जास्त अंतर. तासलेल्या कडक पेन्सिलीची रेषा त्याहून बारीक असू शकते. मग ती एकतर नाहीशी होते किंवा मण्यांच्या माळेसारखी तुटते. त्यात वृत्तपत्री कागदावर शाई पसरते आणि मधल्या करड्या छटा गडद होतात. रेषा दिसाव्यात म्हणून कॉन्ट्रास्ट वाढवला की गालावरची फिकी सावली डाग होते. पुरवणीतल्या तीन चेहऱ्यांची ‘उदासी’ अशीच डोळ्यांखालच्या काळिम्यात आहे. मूळ चित्रांच्या चांगल्या प्रतिमा पाहिल्या तर तिथे दोन-चार फिक्या तिरप्या रेषा आहेत, इतकेच.

ज्या वाचकांना हे स्वतः पडताळायचे आहे, त्यांच्यासाठी पाहण्याची रीत थोडक्यात देतो. आधी चित्रातला चेहरा हाताने झाकावा आणि बाकीचे चित्र पाहावे. खांदे, हात, कपड्याची रेषा यांतून काय वाटते ते मनात नोंदवून मग हात काढावा. चित्र उलटे करून गडद जागा मोजाव्यात, चेहरा ओळखू येत नसल्यामुळे डोळा फसत नाही. मूळ चित्र हाती असेल तर उजेड एका बाजूने, अगदी तिरपा टाकावा. ग्रॅफाइट चकाकेल, पुसलेल्या जागी कागदाचे तंतू उभे दिसतील, दाबलेल्या रेषेचा चर दिसेल. त्या काळी पुसायला पावाचा मऊ गर वापरत, आणि १७७० पासून रबरही माहीत झाले होते. पुसून पुन्हा काढलेली जागा फार महत्त्वाची, कारण चित्रकाराचे मन तिथे बदलले आहे. ओठांच्या कोपऱ्याशी अशी जागा सापडली तर तिथेच थांबून पाहावे.

याहून चांगला मार्ग म्हणजे नक्कल. गुळगुळीत, न चमकणारा कागद, २एच (कडक), एचबी (मध्यम) आणि बी (मऊ) एवढ्या तीन पेन्सिली, आणि मूळ मापाची प्रतिमा. मापात फरक करू नये, मोठे केले की हाताचा वेग बदलतो आणि भाव निसटतो. २एचने डोक्याचा आकार, डोळ्यांची आडवी रेषा, नाकाचे टोक आणि ओठांची रेषा एवढेच हलके मांडावे. मग २एचनेच सावलीच्या बाजूला एका दिशेच्या समांतर रेषा, वळणावर दिशा बदलून. एचबी बाह्यरेषेसाठी, उजेडाकडे हलकी, सावलीकडे दाबून. बी शेवटी आणि फक्त त्या चार-पाच जागी. विद्यार्थ्यांकडून तीन चुका हमखास होतात. बाह्यरेषा सगळीकडे एकाच जाडीची येते, मग चेहरा कापून चिकटवल्यासारखा दिसतो. केस एकेक करून काढले जातात, मग ते तारांसारखे होतात. खरे तर केसांचा गठ्ठा आधी आणि कडेला मोजकेच केस मोकळे सोडायचे असतात. तिसरी आणि सर्वांत वाईट सवय म्हणजे बोटाने किंवा स्टंपने, म्हणजे कागदाच्या घट्ट गुंडाळीने, गाल घासून गुळगुळीत करणे. बोटाचे तेल ग्रॅफाइटला कागदात बसवते आणि मग पुटी रबरानेही, म्हणजे मळता येणाऱ्या मऊ रबरानेही, ती जागा उजळत नाही. शिवाय घासल्यावर रेषेची दिशा मरते, आणि गालाची गोलाई सांगत होती ती दिशाच. नक्कल मूळ चित्रापेक्षा खिन्न आली, तर बहुधा यांपैकीच एक कारण असते.

पुढच्या भागांसाठी तीन विनंत्या आहेत. प्रत्येक चित्राखाली माध्यम, मूळ माप आणि संग्रहालयाचे नाव द्यावे. एखाद्या चित्रातला डोळा-ओठांचा तुकडा मूळ मापात किंवा दुप्पट करून, कॉन्ट्रास्ट न वाढवता छापावा, भले बाकीची दोन चित्रे वगळावी लागोत. आणि एक दुरुस्ती. पुरवणीत जर्मन चित्रकार कास्पार डाव्हिड फ्रीडरिश यांचे १८१० च्या सुमाराचे आत्मचित्र ‘पेन्सिल’ म्हणून छापले आहे. बर्लिनच्या संग्रहातले ते चित्र काळ्या खडूचे आहे. खडू चकाकत नाही, कागदाच्या दाण्यांवर अडकत जातो आणि ग्रॅफाइटला न जमणारा गडदपणा देतो. त्या रोखलेल्या नजरेची धार त्या गडदपणातून आली आहे. ओळ लहान असली तरी दुरुस्ती पुढच्या रविवारी त्याच पानावर यावी.

कळावे, लोभ असावा.

आपला,
रेखाचित्रांचा अभ्यासक, एक वाचक